एन्तिनचा दुय्यम विषय

चिलेम्पुंग या कुंभारांच्या गावातल्या बायका माती दातांखाली धरून बघतात. करकरली तर रेती आहे, नुसती चिकटली तर चाकावर घ्यायला हरकत नाही. एन्तिन कुराएसिन हे सहाव्या वर्षी शिकली, तिच्या उवाकडून. उवा म्हणजे थोरली मावशी. तिचं नाव ईचिह. एन्तिनची आई बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत बापाने सुमात्राला दुसरं घर मांडलं. तेव्हापासून पोरीला वाढवलं ते ईचिहने. ईचिहचा मुलगा उंदांग एन्तिनहून दोन वर्षांनी मोठा. पण त्याचं चाकावर कधी चित्त लागलं नाही, म्हणून म्हातारीने आपला सगळा हुन्नर या भाचीच्या हातात उतरवला.

पोरगी हुशार निघाली. बांडुंगच्या विद्यापीठात तिला कलाशाखेत जागा मिळाली, तीही कुंभारकामाच्या वर्गात. तेव्हा गावाने थट्टा केली, "चार वर्षं घालवून बांडुंगला शिकणार काय, तर मडकी! आमच्याकडे फुकट शिकवली असती की."

ईचिह मात्र खूश होती. तिने ज्याला त्याला ऐकवलं, "तुमच्या मडक्यात सांबालची चटणी वाटतात, हिची मडकी काचेच्या कपाटात ठेवतील."

बांडुंगच्या वर्गात माती पोत्यातून यायची. पांढरीफेक, चाळलेली, पोत्यावर नंबर टाकलेला. ती कुठली, हे मास्तरांनाही ठाऊक नसायचं. एन्तिनला ते खुपायचं. उवाची माती आव्यात भाजताना तडकत नाही आणि पोत्यातली तडकते, ते का, हे तिला कुणीच सांगू शकत नव्हतं. तिसऱ्या वर्षी मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घ्यायचा असे. मुलं त्याला मायनर म्हणत. एन्तिनने अर्जात भूशास्त्र लिहिलं.

कार्यालयातल्या बाईंनी चष्मा वर केला. "कुंभारकामवाल्यांना भूशास्त्र कशाला? फोटोग्राफी घे. सगळ्या मुली तेच घेतात."

"मला माती शिकायचीय."

"माती तर तुमच्या वर्गात पोत्यांनी पडलीय."

"ती पोत्यातली झाली, बाई. मला पोत्यात जाण्याआधीची हवीय."

बाईंनी शिक्का मारला आणि शेजारणीला म्हणाल्या, "डोंगराळ भागातली दिसतेय."

भूशास्त्राच्या वर्गात सगळी मुलंच मुलं. रेन्द्रा नावाचा एक त्यांचा म्होरक्या होता. पहिल्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं, "आमचं भूशास्त्राशी लग्न झालंय. हिचं नुसतं येणंजाणं आहे." मग तिला नाव पडलं मायनर, आणि मुख्य विषयवाले ते मेजर. "ए मायनर, नमुन्यांच्या पिशव्या तू घे. हातोडा मेजरकडे असतो." टपरीवर आल्याचं गरम बांद्रेक मागवलं की तिच्यापुढे अर्धा पेला सरकवायचे, मायनरला अर्धाच. एन्तिन तो अर्धा पेला प्यायची आणि पिशव्या उचलायची. तिला राग येत नसे असं नाही. पण दगड हातात घेतला की राग विसरायला व्हायचा. ज्वालामुखीची राख हजारो वर्षं भिजून कुजून माती होते हे ऐकलं, त्या दिवशी ती जेवायची विसरली.

प्राध्यापक विरात्मांचं तिच्याकडे लक्ष गेलं ते एका नमुन्यामुळे. साठीला टेकलेला माणूस, मऊ बोलणारा, गळ्यात भिंग. त्यांनी तीन पुड्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, यातली खरी चिकणमाती कुठली? मुलं भिंग लावून बसली. एन्तिनने तिन्हीतली चिमूट चिमूट दातांखाली धरली.

"ही मधली, सर. डावीकडचीत बारीक रेती आहे. उजवीकडची चांगली आहे, पण कुणीतरी आधीच भाजलीय."

विरात्मा मोठ्याने हसले. "भाजलेली मी मुद्दाम मिसळली होती. हा दातांचा उपाय पुस्तकात दिलाय, तो तुम्ही कुणी वाचला नाहीत. आणि हिला वाचायची गरजच पडली नाही."

त्या दिवसापासून ते तिला आपली पुस्तकं घरी न्यायला देऊ लागले. नकाशा कसा काढायचा, जमिनीखालचा थर वरच्या उतारावरून कसा ओळखायचा, पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं, हे त्यांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. त्यांनी शिकवण्यात कधी हात आखडता घेतला नाही. पुढे जे झालं त्यात एन्तिनला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

मायनरच्या शेवटी एक अहवाल द्यायचा असतो. मुलुख कुठलाही निवडा. एन्तिनने आपल्या गावामागची टेकडी निवडली, पासिर हेउलांग. विद्यापीठाचं लांब दांड्याचं गिरमिट खांद्यावर टाकून ती सुट्टीत घरी आली.

ईचिह लुंगी खोचून पुढे चालली. एन्तिनला ती लाडाने नेंग म्हणे, म्हणजे पोरी. "काय गं नेंग, एवढ्या शाळा शिकून शेवटी भोकं पाडायलाच आलीस?"

"भोकं मोजायला आलेय, उवा."

टेकडी कागदावर सरकारची होती, पण सात पिढ्या माती गावाचीच. वर करडी माती. ती भात कापून झाल्यावर काढायची, एका घराने तीन दिवस, मग पुढच्याने. करडीच्या खाली पांढरी, दुधी माती. दुधीचा नुसता लेप द्यायचा, म्हणून ती एकाच खड्ड्यातून, आणि गावातल्या सगळ्यात वडील बाईला विचारूनच घ्यायची. ती वडील बाई आता ईचिहच होती. खड्ड्याच्या वरच्या अंगाला झरा होता. सगळं गाव तिथलंच पाणी प्यायचं आणि त्यातच माती भिजत घालायचं. झऱ्याच्या बाजूला कुणी कुदळ मारायची नाही, हा दंडक.

"दुधी किती खोल आहे, उवा?"

"आहे. माझ्या आजीने काढली, मी काढतेय, संपली नाही."

"मोजून बघू?"

ईचिह खाली बसली. तिने पानाची चंची सोडली. "मोजलेल्या वस्तूला गिऱ्हाईक येतं, नेंग. तुझा हा कागद जाणार कुणाकडे?"

"सरांकडे. ते लाल शाईने चुका काढतील आणि कपाटात टाकतील."

"शपथ?"

"शप्पथ, उवा."

मग म्हातारीनेच तिला जागा दाखवल्या. एकवीस दिवसांत बत्तीस भोकं पाडली. दुधी कुठे दोन पुरुष खोल होती, कुठे चार. टेकडीच्या पोटात तिची अखंड गादी होती. एन्तिनने हाताने नकाशा काढला. सरकारी नकाशावर टेकडीवरच्या जागांना नावंच नव्हती, म्हणून तिने गावाची नावं लिहिली: उवा ईचिहचा आवा, अकी बसूरचं जांभूळ, मांग उहा पडला तो दगड. अकी म्हणजे आजोबा, मांग म्हणजे काका. नववं पान तिने झऱ्यावर लिहिलं. डोंगरातलं पाणी दुधीच्या थरावर अडून बसलं आहे, थर फोडला तर ते खाली निघून जाईल आणि झरा राहणार नाही. हे पान तिने तीनदा लिहून काढलं.

तिला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. रेन्द्रा म्हणाला, "मायनरने आमची नाकं कापली." त्या दिवशी त्यांनी तिला बांद्रेकचा पेला पूर्ण भरून दिला.

पदवीनंतर ती बांडुंगलाच एका फरशीच्या कारखान्यात नमुने रंगवायला लागली. तीन वर्षं गेली. उंदांगच्या लग्नाला ती गावी आली, त्याच आठवड्यात सरपंच पाक ओलेहने गावसभा बोलावली. बाहेरून कुणी साहेब आले होते.

सभागृहात प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचा खोका ठेवला होता. आत चिकट भाताचं एक गुंडाळं, एक गोड वडी आणि सीलबंद पाण्याचा पेला. झऱ्याचं पाणी पिणारे लोक ते पेले उलटसुलट करून बघत होते. साहेबांनी सांगितलं, सरकारने टेकडी कंपनीला दिली आहे, पांढरी माती काढायला. रस्ता होईल, नोकऱ्या मिळतील. मग भिंतीवर नकाशाचा उजेड पडला.

अक्षर एन्तिनचं होतं. कोपऱ्यात जिथे तिचं नाव होतं तिथे कंपनीचं बोधचिन्ह होतं. बाकी सगळं तिचंच, बत्तीसच्या बत्तीस भोकांसकट.

साहेब काठीने दाखवत वाचू लागले. "इथून, उवा ईचिहचा आवा, हे जांभूळ... मांग उहा पडला तो दगड... इथपर्यंत पहिला टप्पा."

लोक हसले. मांग उहा स्वतः पुढच्याच रांगेत होता. तो उठला. "साहेब, मी तिथे पडलो ते बकरीच्या मागे धावताना. माझं पडणं कंपनीला कुणी सांगितलं?"

पुन्हा हशा पिकला. मग हळूहळू हसू विरलं. आपसातलीच ही नावं. ती बाहेरच्याला कुठून कळावीत? ज्या पोरीने तीन वर्षांपूर्वी गिरमिट घेऊन टेकडी पालथी घातली, ती मागच्या रांगेत बसली होती. एकेक मान मागे वळली. ईचिहची वळली नाही. ती नकाशावरच्या आपल्या नावाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण साहेबांनी ते आत्ताच मोठ्याने वाचलं होतं.

बाहेर पडताना कुणीतरी मागून म्हणालं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

घरी आल्यावर ईचिहने चूल पेटवली, भात टाकला, आणि मग पाठमोरीच बोलली. "कपाटात टाकणार होते ना?"

"उवा, तो बाहेर कसा आला मला खरंच माहीत नाही."

"कपाटाला पाय नसतात, नेंग."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने एन्तिन बांडुंगला गेली. विरात्मांनी तिला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. ते खनिज कंपन्यांचे सल्लागार होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. भूशास्त्रातले निम्मे प्राध्यापक असत.

"अहवाल विभागाचा असतो, एन्तिन," ते मऊपणे म्हणाले. "ते लोक त्या भागाची माहिती मागत होते. माझ्याकडे तुझ्याइतकं चांगलं काम दुसरं नव्हतं. तुला अभिमान वाटायला हवा."

"माझं नाव काढलंत."

"नाव ठेवलं असतं तर गावात तुझं काय झालं असतं? तुझ्याच भल्यासाठी काढलं."

"आणि नववं पान, सर? झऱ्याचं?"

त्यांनी चष्मा पुसला. "ते पान म्हणजे मत होतं. मत द्यायला नावामागे अधिकार लागतो. तू भूशास्त्रज्ञ नाहीस. तुझा तो मायनर होता."

"मग नकाशा?"

"नकाशा मोजलेला होता. मोजायला काय, कुणीही मोजतं."

 रडू येईल म्हणून एन्तिनने चहाचा पेला उचलला. विरात्मा थोडे पुढे झुकले. कंपनीला गावातलं आणि जमीन कळणारं माणूस हवं होतं, त्यांनी तिचं नाव सुचवलं होतं. "बाहेर राहून ओरडशील तर कोण ऐकणार? आत राहून झरा वाचव. मी सांगेन त्यांना."

एन्तिन आठवडाभर तळमळली. नाही म्हणावं असं रोज वाटायचं, आणि रोज वाटायचं की दुसरं कुणी आलं तर त्याला झरा म्हणजे काय हेही कळणार नाही. शेवटी तिने होकार दिला. आपण झऱ्यासाठीच जातोय, हे तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरं होतं की नव्हतं, हे पुढे तिलाही सांगता येईना. कंपनीचं पांढरं हेल्मेट आवडलं नव्हतं असंही नाही. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातात मेजरचा हातोडा होता.

हेल्मेट घालून ती घरी आली तेव्हा ईचिह आव्यावर भाताचा पेंढा रचत होती. तिने वर पाहिलं. "आता काय म्हणायचं तुला? साहेब की बाई?"

"उवा, असं नको ना. मी झऱ्यापासून पन्नास पावलांवर खुंट्या ठोकून घेतल्यात. त्याच्या आत यंत्र येणार नाही."

"कुणाच्या शब्दावर?"

"कंपनीच्या."

म्हातारी पुन्हा पेंढ्याकडे वळली.

आठ महिने खुंट्या जागच्या जागी राहिल्या. एन्तिन रोज सकाळी पावलं मोजायची. बायका तिच्याशी बोलत नव्हत्या, पण झऱ्यावर घागरी भरत होत्या, तेवढं तिला पुरे होतं. मग कंपनीने तिला दोन दिवस सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत आली तर लाल चिंध्यांच्या खुंट्या झऱ्यापासून बारा पावलांवर होत्या आणि यंत्राने दुधीत मोठा घास घेतला होता.

डंपरवर उंदांग बसला होता. लग्नानंतर त्यानेही तिथेच नोकरी धरली होती.

"कुणी हलवल्या?"

"मी आणि आणखी दोघांनी." त्याने नजर चुकवली. "साहेब म्हणाले, एन्तिनला विचारलंय."

"आणि तू मान्य केलंस? तुझी आई ते पाणी पिते, उंदांग!"

"तू नकाशा काढलास, एन्तिन. मी नुसती गाडी चालवतो. मला शहाणपण शिकवू नकोस."

ती तशीच इंजिनिअरच्या खोलीत गेली. त्याने नवी हद्द मंजूर केल्याचा कागद पुढे केला. खाली भूशास्त्रज्ञ म्हणून विरात्मांची सही होती. एन्तिनने हरकत लिहून द्यायचं म्हटलं, तसा त्याने फॉर्म काढला. "शिक्षण?"

"कुंभारकाम. मायनर भूशास्त्र."

त्याने कुंभारकाम एवढंच लिहिलं आणि पुढचा रकाना कोरा ठेवून फॉर्म टोपलीत टाकला.

झरा एका दिवसात गेला नाही. पहिल्या महिन्यात घागर भरायला दुप्पट वेळ लागू लागला. दुसऱ्या महिन्यात बायका वाटीने उपसायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिथे ओली माती तेवढी उरली आणि तीही पिवळी पडली. प्यायचं पाणी कंपनीच्या टँकरने येऊ लागलं. पण माती भिजवायला, तुडवायला किती पाणी लागतं, हे टँकरवाल्याला कोण सांगणार? करडीचे खड्डे तर यंत्राच्या रस्त्याखाली केव्हाच गेले होते. अडतीस आवे होते चिलेम्पुंगला. तीन वर्षांत पाच उरले. पोरं डंपरवर गेली, बायका पोती शिवायला. एन्तिनने नोकरी सोडली. तिने जिल्ह्याला तीन अर्ज केले, प्रत्येकाला नववं पान जोडलं. उत्तर एकदाच आलं: अर्जासोबत मान्यताप्राप्त भूशास्त्रज्ञाचं प्रमाणपत्र जोडावं. तिने रेन्द्राला फोन केला. तो आता मोठ्या पदावर होता. तो खूप वेळ हळहळला, जुन्या आठवणी काढल्या, आणि म्हणाला, "विरात्मा सरांच्या सहीविरुद्ध माझी सही? मायनर, तू अजून तशीच वेडी आहेस."

त्या सुमारास कंपनीने गावाला भेट म्हणून घरटी एक पोतं माती वाटली. दळलेली, चाळलेली, पांढरीफेक, वर नंबर टाकलेला. उंदांगने आईच्या ओट्यावर पोतं आणून ठेवलं. ईचिहने त्यातली चिमूट दातांखाली धरली, थुंकली, आणि चाक उचलून कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवून दिलं. तिने पुन्हा चाकाला हात लावला नाही.

एन्तिन आता तालुक्याच्या शाळेत हस्तकला शिकवते. एकटीच राहते. एका मास्तरांनी मागणी घातली होती. त्यांच्या घरच्यांनी गावात चौकशी केली आणि मग ते पुन्हा आले नाहीत. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की सातवीचा खडकांचा धडा तिच्या वाट्याला येतो. ती मुलांना धडा मोठ्याने वाचायला लावते आणि खिडकीशी उभी राहते. ती काय काय शिकलीय हे शाळेत कुणाला माहीत नाही.

लेबारानला मात्र ती दर वर्षी गावी जाते. महिनाभराचे उपास सुटले की थोरांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, थोरांनी ती द्यायची, ही रीतच आहे. अगदी भाऊबंदकीतले वैरीही त्या दिवशी हात हातात घेतात. यंदा ईचिह सत्त्याहत्तर वर्षांची झाली. ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून ती एकेकाचा हात घेत होती. मांग उहाला म्हणाली, "मेल्या, तुला कसली माफी, तू तर बकरीचीच माग." उंदांगला जवळ ओढून त्याचं डोकं हुंगलं. नातवंडांना चिमटे काढले.

एन्तिन गुडघ्यांवर बसली. तिने म्हातारीचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "उवा, जाणता अजाणता जे चुकलं त्याची माफी."

"आमचंही काही चुकलं असेल तर माफ करा," ईचिह म्हणाली. शब्द रीतीप्रमाणे, एकही कमी नाही. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. जेवून जा."

एन्तिन जागीच बसून राहिली. कंपनीच्या साहेबांना, सरपंचाला, लसवाल्या डॉक्टरीणबाईंना ईचिह तुम्ही म्हणत असे. एन्तिनलाही ती चार वर्षं तुम्हीच म्हणत होती. पण दर लेबारानला एन्तिनला वाटायचं, यंदा तरी चुकून तोंडातून नेंग निघेल.

पानात केळीच्या पानातला भात, नारळातली कोंबडी, वर तळलेला कांदा. एन्तिनने खाल्लं. उंदांगच्या बायकोने आणखी वाढलं, तेही खाल्लं. सगळ्यांचं झाल्यावर तिने सवयीने ताटं गोळा केली आणि मोरीकडे निघाली.

"राहू द्या," ईचिह ओसरीवरून म्हणाली. "पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात."

उंदांगच्या बायकोने तिच्या हातातली ताटं अलगद काढून घेतली. चारची बस होती. एन्तिनने चपला घातल्या आणि फाट्यापर्यंत चालत गेली.